मरणाची कथा: खोलीतल्या वस्तूंना रडू देऊ नका

मृत्यूवरच्या कच्च्या कथा पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतात. बाहेर पाऊस असतो, आभाळ भरून आलेलं असतं, भिंती उदास असतात, पंखा केविलवाणा कुरकुरतो आणि निवेदकाच्या मनात 'अनामिक पोकळी' असते. माणूस अजून गेलेलाही नसतो, पण घरातलं सगळं सामान आधीच गळा काढून बसलेलं असतं. मग वाचकाला करायला काही उरत नाही.

या जातीच्या कथेत शोक करणं हे वाचकाचं काम आहे. लेखकाने त्याला त्या जागेपर्यंत नेऊन सोडायचं आणि स्वतः बाजूला व्हायचं. मूड, प्रतिमा आणि चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तूला माणसासारखं वागायला लावणं) ही तिन्ही हत्यारं त्यासाठीच आहेत. ती कशी वापरायची आणि कुठे बोट कापतं, ते खाली सांगितलं आहे. आकडे १५०० ते २००० शब्दांची कथा डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत.

आधी मूड ठरवा, आणि तो एका शब्दात ठरवू नका

तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. कथेतल्या जागेत जे आहे ते वातावरण: उजेड, आवाज, वास, हवा. निवेदक त्याकडे ज्या नजरेने बघतो तो सूर. आणि या दोन्हींतून वाचकाच्या मनात जे तयार होतं तो मूड. तिन्ही एकाच रंगाचे असले की कथा सपाट होते. वातावरण लख्ख दुपारचं, शेजारी कोणीतरी भिंतीला भोक पाडतंय, सूर हिशेबी आणि कोरडा, आणि तरी वाचकाला पोटात भीती, अशी मांडणी जास्त काम करते. पाऊस पाडायचाच असेल तर त्याला व्यवहारातलं काम द्या: त्याच्यामुळे गाडी अडकू द्या किंवा फोनवरचं नीट ऐकू येऊ देऊ नका. निसर्गावर माणसाच्या भावना लादण्याच्या सवयीवर इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८५६ मध्ये बोट ठेवलं होतं. ती सवय अजून गेलेली नाही.

लिहायला बसण्याआधी मूडची एक ओळ लिहा. 'दुःख' ही ती ओळ नव्हे. ते तर विषयातच आलं. दोन शब्द घ्या, एकमेकांना ओढणारे: लाजिरवाणी सुटका, चिडका जिव्हाळा, कंटाळलेली भीती. दीर्घ आजारानंतरच्या मरणाला 'लाजिरवाणी सुटका' फार वेळा लागू पडते, पण लेखक ती मान्य करायला कचरतात. अपघाती मरणात पहिले काही तास शोक नसतोच, प्रशासन असतं: कोणाला कळवायचं, कोणती कागदपत्रं, किल्ली कुठे आहे. ते तसंच लिहा.

'दाखवा, सांगू नका' हा सल्ला परदेशी कार्यशाळांतून आला असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाशा'त रसदोष सांगताना हेच म्हटलंय: रसाचं, स्थायीभावाचं (रसाच्या मुळाशी टिकून असलेली भावना) किंवा व्यभिचारी भावाचं (मध्येच येऊन जाणारी भावना) थेट नाव घेणं हा दोष. शोक हा करुण रसाचा स्थायीभाव. म्हणजे करुण कथेत 'शोक' हा शब्द लिहिला की रस सांडलाच. मग लिहायचं काय? विभाव आणि अनुभाव. ज्याने भावना जागी होते ती परिस्थिती आणि ती जागी झाल्यावर शरीरात जे दिसतं ते.

इथे नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव (भावना शरीरावर आपोआप उमटते त्या खुणा) चक्क कामाची यादी म्हणून भिंतीवर चिकटवून ठेवावेत असे आहेत: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग (आवाज फुटणं), कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (भान हरपणं). आपले लेखक यातला एकच वापरतात, अश्रू. उरलेले सात पडून असतात. स्तंभ म्हणजे नुसतं 'ती पुतळ्यासारखी उभी राहिली' नव्हे. कपाटाच्या वरच्या फळीकडे गेलेला हात तिथेच राहणं आणि कोणीतरी 'सापडलं का?' विचारेपर्यंत खाली न येणं. स्वरभंगासाठी हुंदका लागत नाही. फोनवर दहा आकडी नंबर सांगताना सातव्या आकड्याला आवाज फुटला तरी पुरे. अश्रू संपूर्ण कथेत एकदाच ठेवा, तेही शक्यतो ज्याने रडावं अशी अपेक्षा नाही त्या पात्राच्या डोळ्यांत.

मूड घडवायचं मराठीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धारदार साधन म्हणजे काळ. व्याकरणातला. जिवंत माणसाबद्दल आपण 'बाबांना पंखा जोरात लागतो' म्हणतो. तो गेल्यावर ते वाक्य 'लागायचा' होतं. हा बदल माणसाच्या तोंडी लगेच बसत नाही. दोन-चार दिवस तो 'लागतो' म्हणतो, थबकतो, दुरुस्त करतो किंवा करत नाही. संवादात अशी एकच चूक ठेवा. ती कोणी दुरुस्त करू नये, निवेदकाने तर मुळीच नाही. त्याच्या जोडीला '-आयचा' रूपाचा साठा कथेच्या सुरुवातीला घडवून ठेवा: बसायचे, विचारायचे, शिट्टी वाजायची. मग मरणाच्या प्रसंगात एकदम साधा भूतकाळ: बसले, विचारलं, वाजली. वाचकाला कारण कळत नाही, पण जमीन सरकल्याचं कळतं.

ध्वनिदर्शक शब्दांबद्दल एक सावधगिरी. टकटक, भणभण, फडफड असे दुहेरी शब्द वाक्याला ठेका देतात, आणि ठेका आला की गांभीर्य हलकं होतं. एकेरी शब्द जड असतो. 'खुट्ट झालं' हे 'खुटखुट झाली'पेक्षा जास्त घाबरवतं.

प्रतिमा: एक निवडा, तीनदा आणा

विझलेला दिवा, गळलेलं पान, मावळता सूर्य, रिकामी खुर्ची, थांबलेलं घड्याळ. ही प्रतीकं झाली आहेत. म्हणजे त्यांचा अर्थ कथेबाहेरच ठरलेला आहे आणि तो आत आणायला लेखकाची गरज नाही. वापरायचीच तर उलट्या बाजूने वापरा. माणूस गेल्यावर घड्याळ थांबत नाही. ते चालूच राहतं, आणि दोन महिन्यांनी त्याचा सेल संपल्यावर तो बदलायचं काम आजवर गेलेलाच माणूस करत होता हे लक्षात येतं. ही प्रतिमा झाली, कारण ती या घराची आहे.

चांगल्या प्रतिमेच्या वस्तूत तीन गुण असावेत. ती त्या माणसाच्या शरीराला किंवा सवयीला चिकटलेली असावी. तिला स्वतःचं काहीतरी वागणं असावं, म्हणजे ती वाजते, गळते, अडकते, तापते. आणि तिचं काम माणूस गेल्यावरही काही काळ चालू राहत असावं. फोटोफ्रेम दुसऱ्याच परीक्षेत नापास होते, कारण ती काही करत नाही.

उदाहरणासाठी श्रवणयंत्र घेऊ. कानामागे बसणारं, छोट्या बॅटरीवर चालणारं. यंत्र कानात सैल बसलं, उशीला दाबलं गेलं किंवा चालू असताना मुठीत धरलं, तर त्यातून बारीक शिट्टी येते. यंत्राने मोठा केलेला आवाज पुन्हा त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि फिरत राहतो, म्हणून. बॅटरीचं झाकण उघडलं की यंत्र बंद. त्या झिंक-एअर जातीच्या बॅटऱ्यांवर एक चिकटपट्टी असते. ती काढली की आत हवा शिरते आणि तिथून बॅटरी, यंत्र वापरा न वापरा, उतरत जाते. एवढी माहिती नुसती वाचली तरी कथा दिसायला लागते. प्रतिमा शोधायची ती अशीच: वस्तू कशी चालते ते आधी माहीत करून घ्यायचं, अर्थ नंतर आपोआप लागतो. उलट्या क्रमाने, म्हणजे 'एकाकीपणा दाखवायला काय बरं घेऊ?' असं म्हणत बसलं की हाती फोटोफ्रेमच लागते.

आता ती तीनदा आणायची, आणि दर वेळी वेगळ्या कामावर. पहिल्या २०० शब्दांत एकदा, हलक्या सुरात: नात मीरा आजोबांना मिठी मारते, यंत्र शिट्टी वाजवतं, ती वैतागते, 'आजोबा, नीट बसवा ना ते.' कथेच्या मध्यावर दुसऱ्यांदा, निर्णय म्हणून: डॉक्टर बोलत असताना आजोबा शांतपणे यंत्र काढून ठेवतात. त्यांना ऐकायचं नाहीये. तिसऱ्यांदा मरणानंतर. पहिली वेळ कंटाळ्याची किंवा गंमतीची नसेल तर तिसरी वेळ लागत नाही. हा भाग घाईत उरकलेल्या कथा सर्रास पडतात. चौथ्यांदा वस्तू आणायचा मोह आवरा.

कच्च्या खर्ड्यात तिसरी वेळ साधारण अशी उतरते:

"आभाळ रडत होतं. आजोबांच्या खोलीत भयाण शांतता पसरली होती. त्यांचं श्रवणयंत्र टेबलावर एकाकी पडलं होतं, जणू तेही आपल्या मालकाची वाट पाहत होतं. मीराच्या काळजात कालवाकालव झाली. क्रूर मृत्यूने आपला डाव साधला होता."

पाच वाक्यं, चार रडणारे: आभाळ, खोली, यंत्र, मीरा. पाचव्या वाक्यात मृत्यू खलनायक. श्रवणयंत्र निवडूनही ते वाजलेलंच नाही. त्याच्या जागी घड्याळ ठेवलं तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. हीच परीक्षा घ्या: वस्तू बदलून वाक्य तसंच चालत असेल तर ती प्रतिमा नाही, नेपथ्य आहे.

आता हेच पुन्हा:

"खोली आवरायला दोनच तास होते. मीराने औषधांचे डबे पिशवीत भरले, चष्मा त्याच्या घरात ठेवला. उशीजवळचं यंत्र उचललं, मूठ मिटली आणि मुठीतून शिट्टी आली. बारीक, न थांबणारी. 'नीट बसवा ना' म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा. यंत्र अजून ऐकत होतं. नखाएवढं झाकण, ते उघडलं की झालं. तिने मूठ तशीच धरून ठेवली.
पलीकडच्या खोलीतून आईने विचारलं, 'काय वाजतंय गं?'"

शोकाचा एकही शब्द नाही. मूठ न उघडणं हा स्तंभ. 'दोनच तास' ही घाई सुराला कोरडं ठेवते. शिट्टीचं कारण इथे समजावलेलं नाही, कारण पहिल्या प्रसंगात ते येऊन गेलंय. आणि 'यंत्र अजून ऐकत होतं' या चार शब्दांकडे पुन्हा येऊ. चेतनगुणोक्तीचा सगळा धडा त्यात आहे.

प्रतिमा बिघडते ती बहुतेक वेळा गर्दीने. एका परिच्छेदात प्राणज्योत मालवते, पुढच्या ओळीत पक्षी पिंजरा सोडून उडतो आणि शेवटी नाव पैलतीराला लागते. ज्योत, पक्षी, नाव: तीन वेगळ्या घराण्यांच्या प्रतिमा, तिन्ही उसन्या. कथेला एकच घराणं द्या. आवाजाचं निवडलंत तर उपमाही आवाजाच्याच काढा. 'सारखा', 'जणू', 'प्रमाणे' हे शब्द खर्ड्यात मोजा. दोन हजार शब्दांत पाच-सहाच्या वर गेले असतील तर निम्मे काढा, बहुतेक वाक्यं सुधारतील.

जाता जाता गादीची गोष्ट. माणूस उठून गेल्यावर गादीत उरलेला खळगा ही आवडती प्रतिमा आहे. कापसाच्या गादीत तो राहतो. फोमची गादी बघता बघता भरून येते. दोन्ही चालतील, पण कोणती गादी आहे ते लेखकाला माहीत हवं. भरून येणारी जास्त निर्दयी वाटते.

शरीराच्या बाबतीत चुका करू नका

मरणाच्या प्रसंगाला स्वतःला १०० ते १५० शब्द पुरतात, पण ते खरे हवेत. वाचकांपैकी अनेकांनी कोणाला तरी जाताना पाहिलेलं असतं आणि खोटा तपशील त्यांना तिथल्या तिथे कळतो.

'त्याचा हात बर्फासारखा गार पडला होता,' हे शेवटच्या श्वासानंतर पाच मिनिटांनी लिहिलेलं असतं. गार पडायचेच असतील तर हातपाय बऱ्याचदा आधीच गार पडतात, कारण रक्ताभिसरण मंदावलेलं असतं. उलट धड नंतर काही तास कोमट राहतं. आधी गार झालेला हात आणि नंतरही उबदार लागणारी पाठ: यातून निघणारी प्रतिमा बर्फापेक्षा कितीतरी जास्त बोलते, आणि ती खोटी नाही.

शेवटचा श्वास एका सरळ उतारावर येत नाही. अनेकदा श्वास खोल होत जातो, मग उथळ, मग थांबतो; काही सेकंद, कधी त्याहून जास्त; आणि पुन्हा सुरू होतो. जवळ बसलेली माणसं प्रत्येक थांब्याला 'संपलं' समजतात. कथेतला ताण त्या थांब्यांत आहे. गिळणं बंद झाल्यावर घशात स्राव साचून घरघर येते. ती ऐकणाऱ्याला जितकी असह्य होते तितकी त्या माणसाला होत नसावी असं डॉक्टर मानतात, आणि ही तफावतही वापरण्याजोगी आहे. डोळे दरवेळी मिटत नाहीत. अर्धे उघडे राहतात. ताठरपणा आधी पापण्यांत आणि जबड्यात जाणवतो, साधारण दोन ते चार तासांनी, आणि सगळ्या शरीरात पसरायला बारा तासांच्या आसपास लागतात. हवा गार की गरम यावर ते कमीजास्त होतं. मेल्यावर नखं-केस वाढतात हे खोटं आहे. कातडी सुकून मागे सरते म्हणून तसं भासतं. आणि मॉनिटरवर सरळ रेषा आली की डॉक्टर शॉक देतात हा पडद्यावरचा प्रकार आहे. त्या अवस्थेत शॉकचा उपयोग नसतो, छाती दाबतात आणि औषध देतात.

हे सगळं कथेत ओतायचं नाही. एक किंवा दोन तपशील, बस्स. बाकीचं ज्ञान चुका टाळण्यासाठी.

चेतनगुणोक्ती: भावना नको, काम द्या

शाळेतली व्याख्या आठवत असेलच: निर्जीव वस्तू सजीव माणसासारख्या वागतात असं वर्णन. यातला 'वागतात' हा शब्द महत्त्वाचा. वस्तूने वागावं. तिला वाटू लागलं की घात होतो. 'दार हुंदके देत होतं' यात दाराला भावना दिली. 'दाराने त्याला आत घेतलं नाही' यात दाराने कृती केली, आणि लाकूड फुगून ते अडकलं असेल तर ते खरंही आहे.

सगळ्यात उत्तम चेतनगुणोक्ती अक्षरशः खरी असते आणि तरीही माणसासारखी वाटते. 'यंत्र अजून ऐकत होतं.' मायक्रोफोन चालू आहे, म्हणजे ते ऐकतच होतं. वाक्यात अलंकार शोधायला गेलं तर सापडत नाही आणि सोडून द्यावं तर सुटत नाही. असं एखादंच वाक्य एका कथेत मिळतं. मिळालं की त्याच्या आजूबाजूचे बाकीचे सगळे अलंकार काढून टाका, त्याला हवा लागू द्या.

आता मराठीचा एक गंमतीदार अडथळा. आपल्या भाषेत मरण आधीपासूनच पाहुणा आहे. झोप येते, ताप येतो, हसू येतं, रडू येतं, तसंच मरण येतं. म्हणजे 'मरण आलं' हे वाक्य व्याकरणाने चेतनगुणोक्तीच्या उंबऱ्यावर असलं तरी कोणाला ते जाणवत नाही. वापरून वापरून गुळगुळीत झालंय. 'काळाने घाला घातला', 'मृत्यूने गाठलं', 'काळाने झडप घातली' यांचं तर वर्तमानपत्रांनी पार चिपाड केलंय. नवं काही करायचं तर दोन वाटा. एक, हे वाक्प्रचार अजिबात टाळून 'गेले' एवढंच म्हणणं. आपल्याकडे जाणाऱ्या माणसासाठी याहून चांगलं क्रियापद नाही. दुसरी, जुन्याच क्रियापदाला जागं करणं: मरण आलं ना, मग कुठून आलं? जिन्याने की लिफ्टने? आल्यावर बसलं कुठे? 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण बघा. काळ आणि वेळ, दोघं येणार होते, एकटाच आला आणि हात हलवत परत गेला. एका म्हणीत अख्खं नाटक आहे.

पुढचा निर्णय लिंगाचा. मराठीत मृत्यू तो, मरण ते, मौत ती. जर्मन भाषेत मृत्यू पुल्लिंगी आहे, फ्रेंच, स्पॅनिश आणि रशियनमध्ये स्त्रीलिंगी, त्यामुळे अनुवादित कथांतला मृत्यू कधी पुरुष असतो कधी बाई, आणि आपण नकळत ते उचलतो. मुद्दाम निवडा. 'ते' ठेवलंत तर मरण पात्र होत नाही, प्राणी किंवा मूल यांच्या जवळ जातं. त्याचाही उपयोग होतो.

मृत्यूलाच निवेदक करायचं असेल तर 'मी आलो' की 'मी आले' हे पहिल्याच पानावर अडतं. लिंग लपवायचं असेल तर मराठीत पळवाट आहे: सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ. 'मी दार उघडलं, मी कंदील खाली ठेवला, मी त्याचं नाव घेतलं.' क्रियापद कर्मामागे जातं, बोलणाऱ्याचं काही कळत नाही. भविष्यकाळातही 'मी येईन' सुरक्षित आहे. अख्खी कथा अशी रेटणं कठीण, पण दोन पानं नक्की जमतात. आणि मग एका ठिकाणी 'मी थांबले' असं मुद्दाम सुटू द्यावं.

तिसरा निर्णय: मृत्यू माणसाला काय म्हणतो, 'चल' की 'चला'? 'तू' म्हणणारा मृत्यू मित्र, आई किंवा दरोडेखोर असू शकतो. 'तुम्ही' म्हणणारा कारकून, डॉक्टर, जावई. 'आपण' म्हणणारा बहुधा विनोदी होतो. हा एक शब्द मूडचं निम्मं काम करतो, म्हणून तो अंदाजाने टाकू नका आणि मध्येच बदलू नका; बदललात तर तो कथेचा कळसबिंदू असायला हवा.

मृत्यूला पात्र करताना काळा झगा, कोयता, घुमणारा आवाज, सगळं बाजूला ठेवा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा: त्याचं रोजचं काम काय, त्याला या क्षणी काय हवंय, त्याला काय करता येत नाही, आणि त्याच्या हातात काय आहे. जुन्या ग्रंथांतला मृत्यू अजून जिवंत का वाटतो तेही यातून कळतं. महाभारतात ब्रह्मदेव मृत्यू नावाची स्त्री निर्माण करतो आणि प्राण्यांना मारायला सांगतो. ती नकार देते, रडते, आणि तिचे अश्रू पुढे रोग होतात. कठोपनिषदात यम घरी नसताना नचिकेत तीन रात्री दारात उपाशी राहतो, त्यामुळे यजमान म्हणून यमच देणेकरी ठरतो. एकीला काम नको आहे, दुसरा ओशाळलेला आहे. क्रौर्यावर दोन्हीकडे भर नाही.

नव्या कथेत तेच छोट्या मापात करता येतं. समजा, मृत्यू म्हणजे खोली बघायला आलेला भाडेकरू:

"मोजपट्टी भिंतीला लावून तो म्हणाला, 'अकरा फूट. खिडकीचा भाग सोडून.'
'मी अजून राहतोय इथे,' आजोबा म्हणाले.
'हो, हो. तुम्ही राहा की. मी नुसती मापं घेतोय.'
'राहायला कधी येणार?'
'मला घाई नाही.' त्याने पट्टी सोडली, ती सर्रकन डबीत शिरली. 'कपाट इथेच ठेवणार असाल तर तेवढं सांगून ठेवा.'"

काम: मापं घेणं. हवंय: खोली. करता येत नाही: रिकामी होईपर्यंत आत राहायला येणं. हातात: मोजपट्टी. 'मृत्यू' हा शब्द कुठेही नाही, आणि पुढेही येऊ देऊ नये. सूर सभ्य आहे म्हणून भीती वाढते. इथे बिघडतं ते तेव्हा, जेव्हा लेखकाला धीर धरवत नाही आणि तो भाडेकरूच्या डोळ्यांत 'अथांग अंधार' घालतो. एक इशारा दिला की पात्र संपलं, मुखवटा उरला.

असं पूर्ण पात्र घेतलंत तर श्रवणयंत्राला गप्प बसवा. एका कथेत मोठी चेतनगुणोक्ती एकच. लहानसहान, क्रियापदात लपलेल्या, दोन-तीन पुरेत.

आत्महत्येच्या कथेत मात्र मृत्यूला हाक मारणारा सखा, कुशीत घेणारी आई, सुटका करणारा दूत करू नका, आणि पद्धतीचा तपशील देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या मार्गदर्शनातही पद्धतीचं वर्णन आणि आत्महत्या हा उपाय असल्यासारखी मांडणी टाळायला सांगितलंय. अशा कथेत वजन मागे राहिलेल्यांच्या बाजूला टाका. कथा म्हणूनही ते जास्त भारी पडतं.

खर्डा हातात घेऊन

आठवडाभर तो उघडू नका. मग छापून घ्या आणि तीन रंगांची पेनं घ्या. एका रंगाने भावनांची नावं: दुःख, वेदना, एकाकी, पोकळी, शोक, हळहळ, काळीज. दुसऱ्याने वस्तूंना दिलेली माणसाची क्रियापदं. तिसऱ्याने 'जणू' आणि त्याचे भाऊबंद. पहिल्या रंगाचे शब्द सगळे खोडून वाचा. वाक्य उभं राहत असेल तर तो शब्द नकोच होता, कोसळत असेल तर तिथे अनुभाव लिहायचा राहून गेलाय. दुसऱ्या रंगात तपासायचं एवढंच: इथे वस्तू वागतेय की रडतेय?

मग मोठ्याने वाचा. मरणाच्या क्षणाजवळची वाक्यं आपोआप लांब आणि अलंकारिक झालेली सापडतील, सगळ्यांचीच होतात. तिथलं सगळ्यात छोटं वाक्य ठेवून बाकीची काढून बघा.

शेवटी शेवटचा परिच्छेद. खर्ड्यात तो बहुतेक वेळा कथा संपल्यानंतर सुरू झालेला असतो: आईच्या प्रश्नाला मीरा उत्तर देते, दोघी मिठी मारतात, बाहेर पाऊस थांबतो. 'काय वाजतंय गं?' या ओळीवर बोट ठेवा आणि त्याखालचं कागदाने झाका. मीराने मूठ अजून उघडलेली नाही, शिट्टी चालू आहे, बॅटरी उतरतेय. शीर्षकात 'मृत्यू', 'अखेर' किंवा 'निरोप' लिहिला असेल तर तोही बदला, 'शिट्टी' चालेल.